मदत हवी आहे: अमेरिकन क्रांती, धर्म आणि व्हर्जिनियाचं कोडं

एस.वाय.च्या वर्गापुढे शुक्रवारी वीस मिनिटं बोलायचंय. विषय: अमेरिकन वसाहतींच्या बंडामागे धर्म किती? स्टॅम्प अ‍ॅक्ट, बॉस्टनचा चहा पोरांना पाठ आहे, ते नकोय.

मॅसॅच्युसेट्सची बाजू जमली. तिथे प्युरिटनांचे, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चशी न पटलेल्या प्रोटेस्टंटांचे वंशज. १७५० मध्ये बॉस्टनचे पाद्री जोनाथन मेह्यू यांनी इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याच्या शिरच्छेदाचं निमित्त साधून प्रवचनात ठणकावलं, की जुलमी राजाची आज्ञा पाळणं हे धर्मकर्तव्य नाही. पुढे लंडनचं सरकार अमेरिकेत इंग्लंडच्या चर्चचा बिशप नेमणार, या नुसत्या शंकेने लोक बिथरले. त्यात १७७४ चा क्वेबेक कायदा: कॅनडातल्या या ब्रिटिश प्रांतात कॅथलिकांना धर्माचरणाची मुभा, वर क्वेबेकची हद्द ओहायो नदीपर्यंत. म्हणजे पोपही आला आणि जमीनही गेली!

घोडं अडतंय व्हर्जिनियात. तिथे इंग्लंडचंच चर्च अधिकृत, तरी तेही बंडात. धागा म्हणून १७६३ चा पाद्र्यांच्या पगाराचा खटला घेतलाय. पगार तंबाखूत मिळायचा. भाव चढल्यावर विधानसभेने तंबाखूच्या दर पौंड वजनाला दोन पेन्स रोख ठरवले, पाद्री लंडनला गेले आणि राजाने तो कायदा रद्द केला. मग एका पाद्र्याने केलेल्या थकबाकीच्या दाव्यात विरुद्ध बाजूचे वकील पॅट्रिक हेन्री यांनी राजालाच जुलमी ठरवलं, आणि ज्यूरीने त्या पाद्र्याला भरपाई दिली एक पेनी.

बिशपचा मुद्दा इथे लावून पाहिला, बसत नाही. इंग्रजी वाचन चालेल, पण लेख छोटा सुचवा.

हा खटला धार्मिक असंतोषात धरावा, की दूरच्या राजाने स्थानिक कायदा मोडल्याच्या रागात?