लॅब झाली, पण पोहोचतं कोण?

वरच्या प्रतिसादात म्हटलंय की प्रत्येक शाळेत कॉम्प्युटर लॅब दिली की मुलांच्या कोडिंग शिकण्याचा प्रश्न मिटला. अर्धाच मिटतो हो. त्या लॅबमध्ये एखादं अंध मूल बसलं तर काय, याचा विचार सहसा कुणी करत नाही.

लहान मुलांना कोडिंग शिकवायचं म्हणजे स्क्रॅच ही मुलांसाठीची प्रोग्रामिंग भाषा, असं समीकरणच झालंय. स्क्रॅच छानच आहे, पण सगळा खेळ रंगीत ठोकळे माउसने ओढून जोडण्याचा. ज्याला स्क्रीन दिसतच नाही त्याने काय ओढायचं?

अशा मुलाला थेट टाइप करायची भाषा सोपी जाते. पण पायथन या अशाच टाइप करायच्या भाषेत एक ग्यानबाची मेख आहे: कुठली ओळ कुणाच्या पोटात आहे हे ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेवरून ठरतं, आणि मोकळी जागा ऐकू येत नाही. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, फुकट आहे. त्याच्या डॉक्युमेंट फॉरमॅटिंगच्या सेटिंगमध्ये लाइन इंडेंटेशनचा, म्हणजे हीच मोकळी जागा सांगण्याचा, पर्याय असतो, पण मुळात बंद. तो चालू केला की जागा बदलताच तो बोलून किंवा सूर वाजवून सांगतो. पैसा शून्य, पण हे सरांना माहीत हवं ना!

अमेरिकेत अंध विद्यार्थ्यांना डोळ्यासमोर ठेवून क्वोरम ही भाषाच बनवली गेली. तिच्यात ब्लॉक, म्हणजे एकत्र चालणाऱ्या ओळींचा गट, 'एंड' या शब्दाने संपतो, मोकळी जागा मोजत बसावं लागत नाही.

आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल या प्रकल्पात कॉम्प्युटर शिकवणारे मराठी आवाजातले व्हिडिओ धडे आहेत. इंग्रजीला बिचकणाऱ्यांना त्याने खरंच आधार मिळतो. पण 'इथे क्लिक करा' म्हटलं की अंध मुलाचं घोडं तिथेच अडतं. निवेदनात कीबोर्डचे शॉर्टकट सांगितले तरी पुष्कळ.