मदत हवी आहे: आठ मशीनवरून एकत्र चाचणी घेतली की एनएफएसचा वेग कुठे अडतोय?

सांगलीतल्या आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये उबुंटू सर्व्हरवर एनएफएस (सर्व्हरवरच्या फाइली नेटवर्कवरून वापरू देणारी व्यवस्था) शेअर आहे. सर्व्हरला १० गिगाबिट नेटवर्क, आठ क्लायंटना प्रत्येकी १ गिगाबिट. चार हार्डडिस्क, रेड ५ (एक डिस्क बिघडली तरी डेटा टिकेल अशी जोडणी).

एका मशीनवरून एफआयओ या वेग मोजायच्या टूलने सलग वाचन केलं की सेकंदाला ११० एमबी मिळतात, म्हणजे तिथे नेटवर्कचीच मर्यादा. आठही एकदम सुरू केली की एकूण बेरीज ३०० च्या पुढे जात नाही.

एफआयओत डायरेक्ट=१ (म्हणजे क्लायंटची कॅश टाळून वाचन) ठेवलंय, प्रत्येकाची फाइल वेगळी. सगळ्या फाइली मिळून सर्व्हरच्या ६४ जीबी रॅमच्या दुप्पट घेतल्यात, नाहीतर वाचन रॅममधूनच होतं आणि आकडे फुगतात. आठही मशीनवरून वेगवेगळ्या पोर्टवर आयपर्फ (फक्त नेटवर्कचा वेग मोजणारं टूल) एकत्र चालवलं, ७ गिगाबिटच्या वर मिळाले, त्यामुळे स्विचवर संशय नाही. सर्व्हरवर विनंत्या हाताळणारे एनएफएसचे थ्रेड ८ वरून ३२ केले, काही फरक नाही.

मला वाटतं, आठ सलग वाचनं डिस्कपाशी पोचेपर्यंत विस्कळीत होतात. सर्व्हरवर विद्यार्थ्यांचं काम चालू असतं, त्यामुळे चाचणी फक्त रविवारी. रेड बदलता येणार नाही.

हाच आठ जॉबचा भार थेट सर्व्हरवर चालवून तुलना केली तर दोष डिस्कचा की एनएफएसचा, हे खात्रीने कळेल का? आणि आठ मशीनच्या ९९ व्या पर्सेंटाइल लेटन्सीची (९९ टक्के विनंत्या जितक्या वेळात पूर्ण होतात तो वेळ) सरासरी काढणं चूक आहे, मग एकत्रित आकडा कसा काढता?