पिट्यूटरीचं ऑपरेशन झालं, टीएसएच नॉर्मल आहे, तरी आईच्या अंगात त्राण नाही

डिचोलीची_लेक:
नमस्कार, आईचं (वय ५८) पिट्यूटरीच्या (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीच्या) गाठीचं ऑपरेशन होऊन अडीच महिने झाले, नाकातून दुर्बिणीने केलं, गाठ २.४ सेंटिमीटरची. आधी बाजूचं दिसायचं नाही, दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा, ते आता बरं झालंय देवाच्या कृपेने. पण अंगात त्राणच नाही. परवा अर्धा नारळ खवला आणि विळीवरच बसून राहिली, मी हात धरून उठवलं. सकाळी मळमळते, पेजेशिवाय काही नको म्हणते. घरी सोडताना दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या १५ दिवसांत संपल्या, पुढचं कोणी काही सांगितलं नाही. नवीन एमआरआयमध्ये गाठ नाहीये पण 'पार्शियल एम्प्टी सेला' लिहिलंय, म्हणजे ग्रंथी संपली का? इथल्या डॉक्टरांनी टीएसएच (थायरॉइडसाठीची रक्ततपासणी) केला, २.१ आला, म्हणाले थायरॉइड ठीक आहे, टॉनिक द्या. चवथ तोंडावर आलीय आणि माझा जीव थाऱ्यावर नाही.

म्हापशेकर:
ताई, माझं हेच ऑपरेशन २०१६ ला झालं. त्या 'एम्प्टी' शब्दाला घाबरू नका. ग्रंथी मुळात वाटाण्याएवढी, गाठीने ती दाबून पातळ केलेली असते, गाठ काढली की त्या जागेत मेंदूभोवतीचं पाणी उतरतं म्हणून तसं लिहितात. पातळ ग्रंथीसुद्धा नीट काम करू शकते, करते की नाही ते रक्तावरून कळतं, एमआरआयवरून नाही.
पण टीएसएचवर विसंबू नका!! टीएसएच हे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन पिट्यूटरीच बनवते, तीच दुखावली असेल तर आकडा नॉर्मल येऊनही थायरॉइड कमी असू शकतं, फ्री टी४ (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) बघावा लागतो. आणि सगळ्यात आधी सकाळी ८ चं कॉर्टिसोल (शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, तेही पिट्यूटरीच्याच हुकमावर बनतं), उद्याच करा, थांबू नका. दोन्ही कमी आलं तर आधी हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसोलची गोळी) आणि मग थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी), उलटं केलं तर माणूस जास्त आजारी पडतो. एंडोक्रायनॉलॉजिस्टलाच (हार्मोनच्या डॉक्टरांना) दाखवा.

वाळपईची_ताई:
सोडियम पण करा गं. माझ्या भावाला ऑपरेशननंतर सातव्या दिवशी घरी आल्यावर उलट्या आणि असंबद्ध बडबड, सोडियम ११८ निघालं, फारच कमी. आणि आई रात्री चार-चारदा उठून तांब्याभर पाणी पिते का, लघवी पांढरी स्वच्छ पाण्यासारखी होते का ते बघ. तसं असेल तर ते वेगळंच हार्मोन कमी पडलेलं, त्याला डेस्मोप्रेसिन नावाचं औषध मिळतं. खाली वाकल्यावर नाकातून पाण्यासारखं टिपकत असेल तर मात्र त्याच दिवशी सर्जनकडे.

डिचोलीची_लेक:
कॉर्टिसोल १.८ आलं, फ्री टी४ पण कमी, सोडियमही कमी, १२९. रात्रीची उठत नाही, नाक कोरडं आहे. हायड्रोकॉर्टिसोन सुरू केलंय, सकाळी उठल्या उठल्या १० आणि दुपारी ५ मिलिग्रॅम, थायरॉक्सिन पुढच्या आठवड्यात. आज तिसरा दिवस, पोदेराचा भोंगा ऐकून आई स्वतः पाव घ्यायला दारात गेली, मी आत उभी राहून रडले. तुमचे उपकार कसे फेडू. आता ती हरताळकेचा उपास धरते म्हणतेय, चालेल का?

म्हापशेकर:
वाचून खूप बरं वाटलं ताई. निर्जळी नको, यंदा देवाला नमस्कार पुरे. गोळी एकही दिवस चुकवायची नाही, मनाने बंद तर मुळीच नाही. ताप आला तर डोस दुप्पट करतात, किती आणि किती दिवस ते डॉक्टरांकडून आत्ताच लिहून घ्या. उलटी होऊन गोळी पोटात टिकत नसेल तर घरी वाट बघू नका, १०८ बोलवा, कॅज्युअल्टीत हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन लागतं. आईच्या पर्समध्ये चिठ्ठी ठेवा, मोठ्या अक्षरात 'पिट्यूटरी ऑपरेशन, स्टेरॉइडवर आहे'. माझी पाकिटात असते.

डिचोलीची_लेक:
लिहिली आत्ताच. एक पर्समध्ये, एक फ्रिजवर.