प्रति: कष्ट आणि लबाडी

कष्टाने कमावणाऱ्याची थोडीशी लपवाछपवी देव मनावर घेत नाही, हे या चर्चेत आधी मांडलेले मत मला पटत नाही. बायबलमधील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या अध्याय 5 मधील हनन्या व सप्पीरा या नवरा-बायकोने कोणाचे काही चोरले नव्हते. जमीन त्यांची होती आणि विकून आलेला पैसाही त्यांच्याच ताब्यात होता, हे येशूचा शिष्य पेत्र स्वतः म्हणतो. एक हिस्सा मागे ठेवून उरलेला पूर्ण रक्कम म्हणून दानात पुढे केला, हा त्यांचा अपराध. सप्पीराने तर विचारल्यावरही तोच खोटा आकडा सांगितला. (दान किती दिले, हा तिथे मुद्दाच नाही.) बायबलमधीलच इफिसकरांस पत्र 4:28 मध्ये ते लिहिणारा प्रेषित पौलही चोराला केवळ चोरी थांबवायला सांगत नाही, तर गरजवंताला देता यावे म्हणून स्वतःच्या हातांनी कष्ट करायला सांगतो.