कोट करून उत्तर देणं हा आगाऊपणा नाही

बेलापूरकर:
काल इथे एकांनी लिहिलं की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाचा मेसेज कोट करून उत्तर देणं म्हणजे त्याला चारचौघांत उभं करणं, सभ्य माणसं नुसतं उत्तर देतात. वाचून डोकंच फिरलं. भोकरपाड्याच्या जलशुद्धीकरण केंद्राच्या शटडाउनच्या दिवशी आमच्या ग्रुपवर पाठोपाठ दोन प्रश्न आले. "संध्याकाळी पाणी येणार का?" आणि "पार्किंगची मीटिंग रद्द झाली का?" सेक्रेटरींनी खाली लिहिलं, "हो." ते मीटिंगबद्दल होतं. अर्ध्या विंगने पाण्याबद्दल समजून बादल्या रिकाम्या ठेवल्या. वरच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे, त्यांना रात्री बिसलरीचे जार मागवावे लागले. मेसेज उजवीकडे सरकवून "हो" लिहायला कितीसा वेळ लागतो? ज्याला उत्तर द्यायचं तोच मेसेज धरावा, आणि त्यात दोन प्रश्न असतील तर कुठल्याचं उत्तर तेही लिहावं. यात अपमान कुठे आला?

वाशी सेक्टर १७:
सेक्रेटरींनी "हो, मीटिंग रद्द" एवढं लिहिलं असतं तरी भागलं असतं. कोट उत्तरासाठी कमी आणि जुने हिशेब चुकते करायला जास्त वापरतात. मेंटेनन्सच्या थकबाकीवरून वाद चालू असताना बाबांनी रागाच्या भरात काहीतरी लिहिलं आणि लगेच डिलीट फॉर एव्हरीवन केलं. तेवढ्यात एकाने ते कोट केलं होतं. मूळ मेसेज गेला, कोटमधलं वाक्य तसंच राहिलं. पुढे कुठलाही विषय निघाला की तेच वर यायचं. शेवटी बाबांनी ग्रुप सोडला. तुमचा तो "अपमान कुठे आला" हा प्रश्न आमच्या घरी येऊन विचारा.

बेलापूरकर:
बाबांबद्दल वाईट वाटलं, खरंच. पण तो त्या माणसाचा खोडसाळपणा. स्क्रीनशॉट काढूनही त्याने तेच केलं असतं.

महापे आयटी:
हा वाद आपल्या जन्माच्या आधीचा आहे हो. १९९५ च्या आरएफसी १८५५ मध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या शिष्टाचाराच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये, स्पष्ट म्हटलंय की उत्तर देताना मूळ मजकुराचा सारांश वर द्या, नाहीतर संदर्भ कळेल इतकाच भाग ठेवा. इतकाच! आमच्या ऑफिसात एका "नोटेड"खाली सगळ्या जुन्या मेलची शेपटी लोंबत असते, आणि कामाचा आकडा शोधायला तळापर्यंत जावं लागतं. कोट न करणारे जितका त्रास देतात तितकाच सगळं कोट करणारे देतात.

नेरूळ पूर्व:
हे सगळं टाइप करणाऱ्यांचं झालं. व्हॉइस नोटचं काय? कोट केली तरी माइकचं चिन्ह आणि वेळ, एवढंच दिसतं. लोकलच्या गर्दीत कोण कानाला लावून ऐकणार? ग्रुपवर बंदच करा.

ऐरोली:
बंद करा म्हणे! माझ्या आईची बोटं संधिवाताने वाकडी झालीत. तिला टाइप करता येत नाही, बोलता येतं. लिफ्ट अडकल्याचं सगळ्यात आधी तिनेच कळवलं होतं. तिने गप्प बसायचं का?

नेरूळ पूर्व:
ताई, मी आईंबद्दल बोललो नाही. धडधाकट माणसं आळसाने पाच-पाच मिनिटं बोलतात, त्यांच्याबद्दल बोललो.

ऐरोली:
पाठवणारा धडधाकट आहे की नाही, हे ग्रुपवर कोण ठरवणार? तुम्ही?

घणसोली:
आमच्याकडे काका-आजोबांनी व्हॉइस नोट टाकली की ऐकणारा पहिला माणूस तीच कोट करून खाली एक ओळ लिहितो: "बी विंग, लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर बंद." बाकीच्यांना ऐकायची गरजच पडत नाही.

नेरूळ पूर्व:
असं कुणी करणार असेल तर माझी हरकत नाही. आमच्या ग्रुपवर कुणी करत नाही, एवढं मात्र सांगतो.

ऐरोली:
मग तुम्हीच सुरुवात करा.

वाशी सेक्टर १७:
व्हॉइस नोटवरून मूळ मुद्दा बाजूलाच पडला. पाणी, लिफ्ट, पैसे यांच्या प्रश्नांना कोट करा, तिथे माझं म्हणणं मागे घेतो. पण भांडणात कुणाचं वाक्य धरून ठेवू नका. आणि समोरच्याने मेसेज डिलीट केला असेल, तर आपलं कोट केलेलं उत्तरही डिलीट करा.

बेलापूरकर:
शेवटचं मान्य. भांडणाचं मात्र नाही. तिथेच तर कोण कुणाला बोलतोय ते कळायला हवं, नाहीतर एकाला लिहिलेलं दुसरा अंगावर घेतो. बाबांना तसं वागवणाऱ्याला ॲडमिनने तेव्हाच थांबवायला हवं होतं.

वाशी सेक्टर १७:
ॲडमिनच होता तो.