गॅस आला तरी परड्यातली जळणाची रास कमी का होत नाही?

प्रश्न (माळमुरूड)

नमस्कार. पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या प्रकल्पासाठी मी गडहिंग्लज आणि भुदरगड तालुक्यांच्या सीमेवरील दोन गावांत कुटुंबांची पाहणी करत आहे. गावांमागच्या डोंगरावर धावडा, पळस, आपटा, आवळा अशी पानगळीची विरळ झाडी आहे. 'गेल्या वर्षभरात डोंगरातून काय आणले आणि त्याची किंमत किती झाली?' या माझ्या प्रश्नाला बहुतेक घरांतून 'काही नाही, आता गॅस आहे' असे उत्तर येते. प्रत्यक्षात मात्र जवळपास प्रत्येक परड्यात पावसाळ्याच्या बेगमीचे जळण रचलेले दिसते. हे अवलंबित्व मोजायचे कसे? दुसरे असे, की तोडीचे नियम विचारले तर 'नियम कसले?' असे लोक म्हणतात, तरीही डोंगराचा एक भाग राखल्यासारखा आणि लगतचा भाग बोडका आहे. याचा अर्थ कसा लावावा?

उत्तर 1 (तराजू)

लोक आपल्याशी खोटे बोलत नाहीत. ज्याची पावती नाही आणि ज्याला गिऱ्हाईक नाही, ते 'उत्पन्न' आहे असे कोणाच्या मनातच येत नाही. शिवाय आपण घरातील कर्त्या पुरुषाला विचारले असावे, असा माझा अंदाज आहे. मोळी ज्यांच्या डोक्यावरून येते त्यांना विचारले तर उत्तर बदलते.

वर्षभराचा हिशेब एका बैठकीत मागणे, ही मूळ चूक आहे. 24 देशांतील सुमारे 8,000 कुटुंबांची जी मोठी तुलनात्मक पाहणी 2014 मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात वर्षातून चार वेळा घरोघरी जाऊन केवळ मागील एक ते तीन महिन्यांचे विचारले होते, आणि घरी वापरलेल्या वस्तूंनाही किंमत लावली होती. त्या पद्धतीने एकूण उत्पन्नाचा 28 टक्के भाग रान, कुरण, पाणथळ अशा निसर्गातून येतो असे आढळले, आणि त्यातील तीन चतुर्थांशाहून अधिक वाटा नैसर्गिक जंगलाचा होता. हा आकडा अनेक देशांचा आहे, तो कोल्हापूरला जसाच्या तसा लावू नये. पद्धत मात्र उचलावी. ताणकाटा घेऊन दहा-वीस मोळ्या प्रत्यक्ष तोला, आठवड्याला किती येतात ते विचारा आणि गावात जळण ज्या भावाने विकले जाते तो भाव लावा. एक सावधगिरी बाळगा: बऱ्या स्थितीतील घरे अनेकदा गरिबांपेक्षा अधिक माल आणतात, पण गरिबाच्या एकूण मिळकतीत त्या मालाचा हिस्सा मोठा असतो. या दोन्ही गोष्टी वेगळ्या मांडा.

उत्तर 2 (चुंबळ)

माझे सासर भुदरगडच्या बाजूला आहे, म्हणून दोन गोष्टी सांगते. गॅसवर चहा होतो, पाहुणे आले तर भाजी होते. आंघोळीचे पाणी, भाकरी आणि जनावरांचे आंबोण चुलीवरच असते. 'गॅस आहे' हे उत्तर त्यामुळे खरे आहे, फक्त अर्धे आहे.

दुसरी गोष्ट उसाची. ऊसतोड चालू असते तोपर्यंत जनावरांना वाडे (उसाचे हिरवे शेंडे) मिळते, जवळ गुऱ्हाळ असेल तर चुलीला चिपाडे मिळतात, आणि डोंगराला उसंत मिळते. तोड संपली की चैत्र-वैशाखात सगळा भार डोंगरावर येतो, त्यातही ज्यांना ऊस नाही किंवा जमीनच नाही त्यांचा. आपण जानेवारीत पाहणी केली असेल तर 'काही नाही' हे उत्तर कदाचित पूर्ण खरेही असेल!

नियमांविषयी म्हणाल तर 'नियम' हा शब्द आमच्याकडे कागदासाठी वापरतात. ओल्या फांदीला कोयता लावायचा नाही, देवाच्या राईतली वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही, गवत पिकून बी पडल्याशिवाय विळा घालायचा नाही, हे मी सासूबाईंच्या मागून चालतानाच शिकले. जी बाई हे मोडते तिला दुसऱ्या दिवशी जळणाला कोणी सोबत बोलावत नाही, आणि एकटीने डोंगरात जाणे गव्यांमुळे कोणाला परवडत नाही.

उत्तर 3 (जाळरेषा)

मी वनरक्षक म्हणून बरीच वर्षे डोंगर फिरलो आहे. ताईंनी सांगितले ते बरोबर आहे, पण हिरवा आणि बोडका भाग केवळ शिस्तीने ठरत नाही. प्रथम दोन्ही भागांचे सातबारे काढा. आपल्या जिल्ह्यात एकाच डोंगरावर वनखात्याचे क्षेत्र, गायरान आणि मालकीचे रान शेजारी-शेजारी असते. मालकीच्या रानातील झाडी मालक ठेकेदाराला एकरकमी विकतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की मोळी नेणाऱ्या बायकांनी डोंगर उजाड केला.

तोडले म्हणजे संपले, असेही समजू नका. पळस आणि धावडा बुंध्यातून पुन्हा फुटतात. उसाचा खोडवा राखतो तसेच हे आहे. फुटव्यांना चार-सहा वर्षे मिळाली तर रान पुन्हा उभे राहते. ती मिळू देत नाहीत दोन गोष्टी: कोवळ्या फुटव्यावर सुटलेली शेरडे, आणि कोवळे गवत लवकर यावे म्हणून उन्हाळ्यात लावलेला वणवा. माझ्या अनुभवात वणव्याने केलेले नुकसान कुऱ्हाडीपेक्षा जास्त होते.

जळणावर थांबू नका, हिरडा आणि बाभळीची सालही विचारा. कोल्हापुरी चपलेचे कातडे पारंपरिक रीतीने त्यांवरच कमावतात. चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण हिरडा वेचणाऱ्याच्या हातात त्यातले काय पडते, हे तपासण्यासारखे आहे. व्यापारी लवकर आला की न पिकलेला हिरडाच झोडपून काढला जातो, म्हणजे जिथे बाजार शिरतो तिथे सासूबाईंचा नियम कमी पडतो. अशा ठिकाणी लेखी हक्क उपयोगी पडतो. आपला जिल्हा अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात नसल्याने पेसा, म्हणजे अशा क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, लागू नाही. वन हक्क कायदा 2006 लागू आहे, परंतु आदिवासी नसलेल्या वननिवासींना 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा, रहिवास दाखवावा लागतो. जुनी कागदपत्रे नसलेल्या धनगरवाड्यांची दावे करताना दमछाक होते.

माळमुरूड

सर्वांचे आभार. पाहणी जानेवारीतच केली होती आणि उत्तरे बहुतांशी पुरुषांनी दिली होती, हे कबूल करते. वैशाखात ताणकाटा घेऊन पुन्हा जाईन. पहिला प्रश्न आता 'आंघोळीचे पाणी कशावर तापवता?' हा ठेवला आहे; दोन्ही गावांच्या सातबाऱ्यांसाठी उद्या तलाठी कार्यालयात जात आहे.