बाण विसरला म्हणून २ मार्क गेले. सदिश-अदिश लिहिण्यात एवढा काय फरक?

अकरावीची आई
लेक अकरावी सायन्सला आहे. घटक चाचणीत बल आणि त्वरणाच्या गणितात उत्तर बरोबर आलं, तरी ५ पैकी ३ मिळाले. पेपरवर लाल शाईत शेरा: ‘बाण कुठे?’ घरात एक जुनं संदर्भपुस्तक आहे, त्यात त्याच अक्षरावर बाण नाही, नुसतं अक्षर ठळक छापलंय. मग बरोबर कोण? आता बाईसाहेब रागाने दिसेल त्या अक्षरावर बाण काढतायत, वस्तुमानावरसुद्धा. मी कॉमर्सवाली, मला यातलं ओ की ठो कळत नाही.

कोडकरी
ताई, फार मनावर घेऊ नका. पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर कोणी बाण बघत नाही.

खिळेवाला
कोडकरी, बघतात हो. माझी हजेरी घेतली होती त्यावरून.

मी पुण्यात छापखान्यात होतो, आधी खिळे, म्हणजे अक्षरांचे धातूचे सुटे ठसे, जुळवायचो, मग प्रुफं वाचायला लागलो. ताई, पुस्तकही बरोबर आणि सरही बरोबर. बाण काय, ठळक अक्षर काय, दोन्ही एकच सांगतात: ही राशी सदिश, म्हणजे परिमाणासोबत (किती ते) दिशाही असलेली. नुसतं परिमाण असेल ती अदिश. खिळ्यांच्या छपाईत अक्षराच्या डोक्यावर बाण बसवणं म्हणजे डोक्याला ताप. त्यापेक्षा ठळक टाइपाचा खण हाताशी असतो, त्यातला खिळा उचलायचा. ही पद्धत रुजवण्यात हेविसाइड या इंग्रज गृहस्थाचा मोठा हात. त्याच्याआधी मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने १८७३च्या ग्रंथात सदिशांना जर्मन गॉथिक अक्षरं वापरली होती. ती वळणं वाचायलाही नको वाटतात, लिहायची तर बातच सोडा. वहीत मात्र पेनने अक्षर ठळक कसं करणार? म्हणून बाण. काही जण अक्षराखाली नागमोडी रेघ मारतात. प्रुफात ‘हे ठळक करा’ सांगायची आमची खूणही तीच.

आता हजेरीचं. एकदा पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात माझ्या नजरेतून एक खिळा सुटला, वेगाच्या ठळक ‘व्ही’च्या जागी साधा ‘व्ही’ गेला. लेखक प्राध्यापक स्वतः प्रेसमध्ये आले. टेबलावरची सुतळी घेतली, टोकाला कपाटाची किल्ली बांधली आणि माझ्या नाकासमोर गरगर फिरवायला लागले. “वेग बदलतोय का?” मी म्हटलं, “नाही सर, एकसारखी फिरतेय.” म्हणाले, “एकसारखी आहे ती चाल. दिशा क्षणोक्षणी बदलतेय, म्हणजे वेग बदलतोय. साध्या व्हीचा बदलाचा दर शून्य, ठळक व्हीचा शून्य नाही. वेगाच्या बदलाचा दर म्हणजेच त्वरण. एका खिळ्यापायी माझं त्वरण गायब केलंस.” किल्ली सुटून गॅलीवर, म्हणजे जुळवलेल्या खिळ्यांच्या तबकावर, पडली ती वेगळीच. ते पान पुन्हा जुळवलं.

तेव्हा बाण नसलेला ‘व्ही’ म्हणजे अर्धवट लिहिलेला ‘व्ही’ नव्हे. ती वेगळीच राशी आहे, नुसतं परिमाण.

अकरावीची आई
काका, हे लेकीला वाचून दाखवलं. लगेच तिची शंका: सर्किटच्या आकृतीत विजेच्या प्रवाहाला बाण असतो, मग तोही सदिश का?

निवृत्त मास्तर
छान शंका आहे. प्रवाह अदिशच. दिशा आहे एवढ्याने भागत नाही, बेरीज कशी होते ते बघायचं. पूर्वेला ३ किमी चाला, मग उत्तरेला ४ किमी. पायपीट ७ किमी झाली, पण निघालात तिथून सरळ रेषेत ५ किमीवरच आहात. आता एका जोडावर दोन तारांतून ३ आणि ४ अँपिअर येऊ द्या. तारा काटकोनात ठेवा नाहीतर समोरासमोर, तिसरीतून ७च बाहेर पडणार. आकृतीतला तो बाण प्रवाह कुठून कुठे जातो तेवढंच सांगतो.

म्हणून मी वर्गात सांगायचो, बाण अक्षरावर असतो पण बदलतो तो मधल्या अधिक चिन्हाचा अर्थ. ३ किमी आणि ४ किमीच्या त्या दोन विस्थापनांची (विस्थापन म्हणजे सुरुवातीपासून शेवटापर्यंतचं सरळ अंतर, दिशेसकट) बेरीज बाणांसकट लिहा, तिसरं विस्थापन ५ किमीचं, अगदी खरं. बाण पुसा, उरतं ३ अधिक ४ बरोबर ५. याला मी तरी मार्क दिले नसते. आणि वस्तुमानावरचा बाण आधी खोडायला सांगा, त्याचे मात्र मी २ नाही, ३ कापले असते.

अकरावीची आई
खोडला. आता नवीन भांडण: सगळ्या बलांची बेरीज शून्य येते, तेव्हा शून्यावर बाण काढायचा का? ती म्हणते, शून्याला कसली आलीय दिशा.

निवृत्त मास्तर
काढायचा. डावीकडे सदिश, तर उजवीकडेही सदिशच हवा. दिशा ठरवता येत नाही हे तिचं म्हणणं मात्र बरोबर आहे.